बर्फ फोडू नये

बाबा,

आज सकाळी तळ्यावर बर्फ धरला होता. या हिवाळ्यातला पहिला खरा बर्फ. परवापर्यंत नुसता कडेकडेने पापुद्रा यायचा आणि दहा वाजेपर्यंत विरघळून जायचा. आज मागचं दार उघडलं तर सगळं तळं एकाच रंगाचं झालेलं आणि त्यात दोन पानं चिकटून बसलेली. चहाच्या आधी मी कडीच्या पातेल्यात पाणी उकळलं, कडीला सुतळी बांधली आणि पातेलं बर्फावर नुसतं टेकवलं. दाबलं नाही. शेजारी उकिडवी बसून राहिले. पाचेक मिनिटांत पातेलं आपल्या भाराने खाली बसायला लागलं, मी सुतळी धरून ते अलगद उचललं, आणि खालचं काळं पाणी दिसलं. मासे दिसले नाहीत. ते तळाशी असणार, पाइपच्या तुकड्यांत. आता दोनच उरलेत.

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत तुम्हाला लिहावंसं वाटलं नाही असं नाही. पण लिहायला बसलं की तुम्हाला काय माहीत होतं आणि काय नव्हतं याचा अंदाज घेत लिहावं लागायचं, आणि दोन ओळींतच पेन थांबायचं. गेल्या रविवारी शेजारच्या आजोबांनी मला एक गोष्ट सांगितली. त्यानंतर अंदाज घ्यायची गरज उरली नाही. म्हणून आज लिहितेय, आणि पहिल्यापासून लिहितेय, कारण मधूनच सुरुवात केली तर मी पुन्हा माझ्या सोयीचं तेवढंच सांगेन.

नागपूरच्या त्या कॉलेजात तुम्ही बत्तीस वर्षं प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये अटेंडंट होतात. पगाराच्या कागदावर 'प्रयोगशाळा परिचर' असं लिहिलेलं असायचं, आणि लहानपणी मला तो शब्द फार भारी वाटायचा. व्हरांड्यात काचेच्या आठ टाक्या होत्या. त्या तुमच्या. मे महिन्यात कॉलेजला सुट्टी लागायची, प्राध्यापक मंडळी आपापल्या गावी जायची, आणि तुम्ही रोज सकाळी सायकल काढायचात, कारण उन्हाळ्यात मासे सांभाळणं हेच खरं काम. कॅरियरवर मी. व्हरांड्यात फॉर्मॅलिनचा वास, त्यात ओल्या गोणपाटाचा वास मिसळलेला. तुम्ही टाक्यांवर भिजवलेली पोती टाकताय, बर्फाचा खडा पिशवीत घट्ट बांधून पाण्यात सोडताय, आणि मी स्टुलावर उभी राहून विचारतेय, की बर्फ थेट का नाही टाकायचा. तुम्ही सांगताय, "अवं, एकदम थंड झालं तं हबकते ते. हळू हळू पाह्यजे." मग माझा हात धरून तुम्ही बादलीत बुडवता. "आधी हात भिजव, मंग मासोळीले लाव. आपला हात तिले विस्तवावाणी लागते." मी सात वर्षांची आहे. माझे बाबा या सगळ्या माशांचे मालक आहेत, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

ती शंका अकरावीत आली. मला त्याच कॉलेजात प्रवेश मिळाला, आणि पहिल्या महिन्यातच प्राणिशास्त्राचं प्रॅक्टिकल. बेडूक. खाकी कपड्यांतले तुम्ही टेबलाटेबलाशी जाऊन मेणाचे ट्रे ठेवत होतात. माझ्या टेबलाशी आलात, ट्रे ठेवलात, आणि हसलात. नेहमीसारखं, जरा ओठ दाबून. माझ्या शेजारची मुलगी धरमपेठेतली होती, तिचे वडील डॉक्टर. तिने कुजबुजत विचारलं, "हा माणूस तुला पाहून का हसला? ओळखतेस का?" मी म्हणाले, "आमच्या गल्लीत राहतात." तुम्ही तेव्हा पुढच्याच टेबलावर होतात. पाठ माझ्याकडे होती. ट्रे ठेवताना तुमचा हात थांबला की नाही, हे मी पाहिलं नाही. मी बेडकाकडे पाहत होते.

संध्याकाळी घरी आईने विचारलं, लेकीचं प्रॅक्टिकल कसं झालं, तर तुम्ही म्हणालात, "चांगलं केलं तिनं. हात थरथरला नाई." पुढच्या आठवड्यात आमच्या बॅचला दुसरे अटेंडंट आले. पुढे दोन वर्षं तेच येत राहिले. तुम्ही त्यांच्याशी पाळी बदलून घेतली होती, हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावरही मी कुणाला विचारलं नाही. तुम्ही मला त्या दोन वर्षांत एकदाही अवघड जागी सापडू दिलं नाहीत. त्याबद्दल तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. हेही आज लिहून टाकते.

मग इंजिनीअरिंग, पुण्यात नोकरी, लग्न, आणि कंपनीने दोघांना आयर्लंडमधल्या ॲथलोनला पाठवलं. हे घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात तळं होतंच. आधीच्या मालकीणबाई म्हाताऱ्या माणसांच्या नर्सिंग होममध्ये गेल्या होत्या आणि नऊ गोल्डफिश मागे सोडून गेल्या होत्या. आम्ही कधीमधी त्यांना खायला टाकायचो, एवढंच. आई गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी, ऑक्टोबरात, तुम्ही आमच्याकडे आलात. एप्रिलपर्यंत राहायचं ठरलं होतं. तुमची नात सहा वर्षांची होती. तुम्ही तिच्याशी नागपुरी मराठीत बोलायचात, ती तुम्हाला इकडच्या हेलाच्या इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघांनाही त्यात काही अडल्यासारखं वाटायचं नाही.

पहिल्याच रविवारी शेजारचे आजोबा बुटक्या भिंतीपलीकडे पानं गोळा करत होते. ते शॅनन नदीवरच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे, बायको गेल्यापासून एकटे राहायचे. मी ओळख करून दिली. म्हणाले, हे माझे वडील, इंडियात कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात होते. यातला शब्द न् शब्द खरा होता, बाबा. मी पुढच्या प्रश्नाची वाट पाहत उभी राहिले, आणि तो आलाच. "म्हणजे प्रोफेसर?" मी आधी हसले, आणि मग "हो" म्हणाले. तुम्ही जावयाचं जाकीट आणि माकडटोपी घालून माझ्या बाजूला उभे होतात, आणि तेच ते ओठ दाबून हसत होतात. मी स्वतःला सांगितलं की तुम्हाला कळलं नाही. त्यांचं भरभर इंग्रजी मला स्वतःला समजायला दोन वर्षं लागली होती.

त्या दिवसापासून ते तुम्हाला प्रोफेसर म्हणू लागले. "मॉर्निंग, प्रोफेसर!" भिंतीवरून हाक यायची, आणि तुम्ही हात वर करायचात. मला प्रत्येक वेळी ते खुपायचं, आणि हळूहळू खुपेनासं झालं.

नोव्हेंबरात बगळा आला. सकाळी नात खिडकीशी दूध पीत होती आणि एकदम किंचाळली. राखाडी, तिच्याएवढा उंच, तळ्याच्या काठावर दगडासारखा उभा. तुम्ही स्लिपर घालून धावलात तोवर तिसरा मासा त्याच्या चोचीत होता. तो सावकाश उडाला, जणू त्याचंच अंगण. शेजारचे आजोबा भिंतीपलीकडून म्हणाले, "युवर मॅन पुन्हा येणार बघा." इकडे असंच म्हणतात, कुणाचंही नाव न घेता बोलायचं असलं की. तुम्हाला वाटलं बगळ्याचं नावच यॉरमन आहे. मग घरात त्याचं नाव यॉरमनच पडलं. "यॉरमन आला काय वं?" तुम्ही रोज सकाळी विचारायचात, आणि नात खिडकीतून पाहून सांगायची, "नो यॉरमन टुडे, आजोबा."

तुम्ही कामाला लागलात. शेजारच्या आजोबांनी मासेमारीची नायलॉनची दोरी दिली. तुम्ही काठाने बांबूच्या काठ्या रोवल्या आणि गुडघ्याएवढ्या आणि वीतभर अशा दोन उंचीवर दोरी ताणली. बगळा चालत पाण्यात उतरतो, वरून झडप घालत नाही, हे तुम्ही दोन दिवस खिडकीत बसून पाहिलं होतं. वर जाळी टाकली. प्लास्टिकच्या जाड पाइपचे तुकडे कापून तळाशी सोडले, माशांना लपायला. आजोबांनी बाजारातून प्लास्टिकचा बगळा आणून उभा केला, म्हणे एकाचा इलाका दिसला की दुसरा येत नाही. दुसऱ्या दिवशी खरा बगळा येऊन त्या प्लास्टिकच्या बगळ्याशेजारी शांतपणे उभा राहिला. तुम्ही दोघं भिंतीच्या दोन बाजूंना पोट धरधरून हसत होतात. मी ऑफिसच्या कॉलवर होते. मला खिडकीतून फक्त दोन टोप्या हलताना दिसत होत्या. पण दोरी ओलांडून तो पाण्यापर्यंत पोचला नाही. उरलेले सहा मासे वाचले.

डिसेंबरात थंडी पडली, इकडच्या लोकांनीही कुरकुरावं अशी. तळं गोठलं. तुम्ही तुमचं आयुष्य माशांना उन्हापासून वाचवण्यात घालवलेलं, बर्फ धरलेलं तळं जन्मात पहिल्यांदा पाहत होतात, तरी अर्ध्या दिवसात तुम्हाला सगळं समजलं. आजोबांना तुम्ही सांगितलेलं मी ऐकलं. "फिश नो कोल्ड प्रॉब्लेम. फिश एअर प्रॉब्लेम." मला मराठीत नीट सांगितलंत. "थंडीनं नाई मरत ते. तळाशी पानं सडते, त्याची हवा निघते, आन् वरून झाकण बसलं तं कोंडून मरते." रोज सकाळी पातेलं. नातीचा रबरी चेंडू पाण्यावर सोडून ठेवायचा, म्हणजे तेवढी जागा सहज मोकळी होते. खायला घालायचं नाही, थंडीत त्यांना पचत नाही. मी ऑफिसला जायला निघायचे तेव्हा तुम्ही मोरीत गुडघा टेकल्यासारखे काठाशी बसलेले असायचात, पातेल्यातून वाफ निघत असायची, आणि मला तुमच्या पडण्याची काळजी वाटायची. काळजी वाटायची असं मी म्हणते. खरं तर चिडचिड व्हायची. अंगणातल्या फरशा निसरड्या झाल्या होत्या, ऑफिसात माणसं कमी करायची चर्चा चालली होती, आणि पाय मोडला तर कोण बघणार, हा हिशोब माझ्या डोक्यात सतत चालू असायचा.

तो शनिवार. सकाळी बर्फ नेहमीपेक्षा जाड होता. तुम्ही दुसऱ्यांदा पातेलं भरून आणलंत, आणि दारात तुमचा पाय सरकला. पडला नाहीत, चौकट धरलीत, पण गरम पाणी हातावर सांडलं. मी धावत आले, पातेलं हिसकावून घेतलं आणि म्हणाले, "पुरे झालं आता हे. एका मिनिटाचं काम आहे." सिंकखालच्या कपाटातून हातोडी काढली. तुम्ही मागून म्हणताय, "बाई, थांब." मी थांबले नाही. काठाशी वाकून मी बर्फावर दोन दणके घातले. बर्फ तडकला. तिसऱ्यासाठी हात उचलला तेव्हा तुम्ही ओरडलात. "हात आवर!" तुमचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, लहानपणीही नाही. "काय करून राहिली तू? त्याइच्या डोक्यात घण घातल्यावाणी होते ते!"

आणि मी वळून म्हणाले, "बाबा, ही काही तुमची लॅब नाही."

भिंतीपलीकडे आजोबा उभे होते. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण लॅब हा शब्द कळला असेल, आणि माझा सूर तर कुणालाही कळला असता. मोठ्याने, अगदी नेहमीच्या हाकेपेक्षा मोठ्याने, ते म्हणाले, "एव्हरीथिंग ग्रँड, प्रोफेसर?" इकडे 'ठीक'ला ग्रँडच म्हणतात. तुम्ही भाजलेला हात जाकिटाच्या खिशात घातलात आणि म्हणालात, "येस, येस. ग्रँड."

तीन दिवसांनी दोन मासे वर तरंगले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. तुम्ही ते जाळीने नव्हे, दोन्ही हातांच्या ओंजळीत काढलेत, आधी हात पाण्यात भिजवून. मेलेल्या माशांसाठीही हात भिजवलेत. कुंपणाखाली जमीन कडक झाली होती, तुम्हाला खणायला वेळ लागला. नात शाळेतून आल्यावर तुम्ही तिला सांगितलंत, थंडीने गेले. जेवताना जावयालाही तेच सांगितलंत. "लय थंडी होती. म्हातारे झाले होते ते." मग माझ्याकडे न पाहता तुम्ही भात मागितलात. मी वाढला. त्या वेळी मला बोलता आलं असतं. टेबलाशी चौघंच होतो.

फेब्रुवारीत तुम्ही म्हणालात, जातो आता, घर बंद पडून राहिलं तर वाळवी लागते. एप्रिलचं तिकीट पुढे आणलं. मी राहा म्हणाले, एकदाच, आणि तुम्ही नको म्हटल्यावर दुसऱ्यांदा म्हणाले नाही. डब्लिनच्या विमानतळावर तुम्ही मला वहीचा एक कागद दिलात, चार घड्या घातलेला. आयुष्यभर बरण्यांवर चिठ्ठ्या लिहिल्या त्या सुबक, सुट्या अक्षरात लिहिलेला. 'पाने रोज काढावीत. थंडीत खाद्य घालू नये, पोटात कुजते. पातेले टेकवावे, दाबू नये. बर्फ फोडू नये.' आणि सगळ्यात शेवटी, 'बगळ्याचा राग करू नये, त्यालाही पोट आहे.' त्या ओळींत कुठे टोमणा आहे का, ते मी परतीच्या बसमध्ये शोधत होते. नव्हता. ते खरंच माशांबद्दलच होतं.

मे महिन्यात दादाचा फोन आला. तुम्ही दुपारी जेवून आडवे झालात आणि उठला नाहीत. मी पोचले तेव्हा तिसरा दिवस होता. त्या कडाक्याच्या उन्हात कॉलेजची माणसं येत होती, पांढऱ्या केसांचे एक सर आले, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुझे बाबा होते तोवर आमच्या टाकीतला मासा आम्ही उन्हाने मेलेला पाहिला नाही. आता व्हरांडा रिकामा आहे." सगळे तुमच्याबद्दल बोलत होते, आणि तुम्ही काय होतात हे एकालाही दडवावं लागत नव्हतं. सरांनी मला विचारलं, तूही आमच्याच कॉलेजात होतीस ना, मला कशी आठवत नाहीस. मी म्हणाले, मी फार बोलायचे नाही.

त्यानंतर तळं मी सांभाळलं. तुमचा कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून मागच्या दाराशी लावलाय. एका हिवाळ्यात पानं काढायची राहिली आणि एक मासा गेला. एकदा वादळात जाळी उडाली आणि एक यॉरमनने नेला, की त्याच्या पोराने, कोण जाणे. राग केला नाही. निदान बोलून दाखवला नाही.

शेजारच्या आजोबांना आता नव्वदी लागायला आली. मागच्या उन्हाळ्यापासून ते गावाबाहेरच्या नर्सिंग होममध्ये आहेत. मी रविवारी जाते. बेसनाचे लाडू त्यांना आवडतात, तुम्ही लावलेली सवय. गेल्या रविवारी त्यांनी विचारलं, "प्रोफेसरचे मासे कसे आहेत?" मी म्हणाले, दोघं ठीक आहेत. त्यांनी बोटांना लागलेलं बेसन पुसलं. मग म्हणाले, "तो प्रोफेसर नव्हता. तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे."

मी लाडवाचा डबा बंद करत होते. तो तसाच हातात राहिला.

"दुसऱ्याच दिवशी सकाळी भिंतीशी आला," ते म्हणाले. "तू ऑफिसला गेली होतीस. म्हणाला, 'आय नॉट प्रोफेसर.' आणि हाताने काच पुसल्यासारखं करून दाखवलं. 'टँक. क्लीन. थर्टी टू इयर्स.' मग तुझ्या खिडकीकडे बोट दाखवलं. 'माय डॉटर से प्रोफेसर. यू ऑल्सो से. ओके?' मी म्हटलं, ग्रँड. तेव्हापासून म्हणत आलो. मी हाक मारली की त्याला इतकं हसू यायचं."

मी विचारलं, "त्यांना वाईट वाटलं होतं का?"

"मीही त्याला तेच विचारलं होतं," ते म्हणाले. "त्याने मान हलवली. 'शी फिअर,' म्हणाला. एवढंच. तुला कशाची भीती होती, ते मला कधी समजलं नाही. आणि तू हातोडी घेऊन बाहेर आलीस ना, त्या दिवशी मला वाटलं, आता तू माझ्यासमोर त्याला काहीतरी बोलून बसशील आणि नंतर तुलाच तोंड दाखवायला जागा राहणार नाही. म्हणून जोरात ओरडलो. त्याने सांगू नको म्हटलं होतं, पण माझ्यानंतर हे कुणालाच माहीत नसेल. ते मला बरं वाटेना."

मी गाडीत येऊन बसले. इतकी वर्षं मी त्याला लाज म्हणत होते, बाबा. मी बापाची लाज बाळगली, असं स्वतःला सुनावायची मला सवय झाली होती, आणि त्या सुनावण्यात एक प्रकारची सोयही होती. तुम्ही त्याला भीती म्हणालात. अकरावीतल्या मुलीला बेडकावर नजर खिळवून बसलेलं पाहिलंत तेव्हाही तुम्हाला तेच दिसलं असणार, आणि घाबरलेल्या पोरीला आणखी घाबरवू नये म्हणून तुम्ही पाळी बदलून घेतलीत, एका परक्या माणसाला खोटं बोलायची विनंती केलीत, मेलेल्या माशांचा दोष थंडीवर घातलात. मी एकदा तरी म्हणायला हवं होतं, की बाबा, मी तेव्हा काय म्हणाले ते तुम्ही ऐकलंत ना. तुम्ही "काऊन, काय झालं?" असं म्हणून मला सोडवलं असतं. पण म्हणायला हवं होतं.

आज सकाळी मी पातेल्याशी बसले होते तेव्हा तुमची नात बाहेर आली. आता सतरा वर्षांची आहे, माझ्याहून उंच. तिला गॉलवेच्या विद्यापीठात जाऊन समुद्रातल्या जिवांबद्दल शिकायचं आहे. शिष्यवृत्तीसाठी ती स्वतःविषयी एक पान लिहितेय, आणि त्याची पहिली ओळ तिने मला थंडीत कुडकुडत वाचून दाखवली. माझे आजोबा भारतात प्राणिशास्त्राचे प्रोफेसर होते. मग विचारलं, "मम्मा, नक्की कशाचे प्रोफेसर? त्यांचं संशोधन कशावर होतं?" पातेलं बर्फात कलतं झालं होतं. मी सुतळी घट्ट धरली आणि म्हणाले, "मासे." तिने "कूल" म्हटलं आणि ती आत पळाली. ती ओळ तिच्या पानावर आहे. शुक्रवारी ते पान जाणार आहे. आज मंगळवार.

मी तिला सांगेन असं इथे लिहिणार होते. तसं वाक्य मघाशी लिहिलंही आणि खोडलं, कारण निदान तुम्हाला तरी आता खरं नसलेलं काही सांगायचं नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, पाकीटही घेतलेलं नाही. टेबलावरच राहील, आणि ती इथेच नाश्ता करायला बसते. तिला मराठी समजतं, पण वाचता येत नाही. मी तिला कधी शिकवलंच नाही. तुमच्याशी मराठीतच बोलायला हवं म्हणून मी हे मराठीत लिहितेय, असं सकाळपासून स्वतःला सांगत होते. तसं नाही, बाबा. तिला वाचता येणार नाही, म्हणून मराठीत लिहिलंय.